फुकट आणि दान : खेळांच्या बाजारातील वेळेचे मोल
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानासाठी संगणकावरील आणि मोबाइलवरील खेळांचा विषय निवडला जावा, हे काही ज्येष्ठांना अनुचित वाटण्याचा संभव आहे. अशा प्रसंगी शिक्षण, संस्कृती, मातृभाषा हे विषय शोभून दिसतात. परंतु आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी दररोज संध्याकाळी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘त्या खेळात वेळ वाया घालवू नकोस.’ ‘वाया’ या शब्दात किंमत गृहीत धरलेली आहे. जी गोष्ट वाया जाते तिला काही मोल असलेच पाहिजे. मग त्या एका तासाचे मोल किती, असे मुलाने उलट विचारले तर बहुतेक आईवडिलांपाशी उत्तर नसते. स्वतःच्या दिवसातील तासांचे मोलही त्यांच्यापैकी अनेकांना सांगता येणार नाही.

विलक्षण गोष्ट अशी की, त्याच खेळात त्या मुलाला हा प्रश्न आकड्यांत सोडवावा लागतो. खेळात मिळवलेली किंवा तयार केलेली वस्तू दुसऱ्या खेळाडूला किती नाण्यांना विकायची, हे त्याला ठरवावे लागते. आणि ते ठरवताना कळत-नकळत स्वतःच्या वेळेची किंमत तो लावत असतो. ती तो कशी लावतो, कोठे चुकतो, आणि त्याच्या चुकीचे घरातील व गावातील जुन्या चुकांशी काय नाते आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. यांतील मोठे खेळ एकाच सामाईक जगात चालतात. हजारो खेळाडू एकाच वेळी त्या जगात वावरतात. कोणी खाणीत खनिज खणतो, कोणी लाकूड तोडतो, कोणी मासे धरतो, कोणी वनस्पती गोळा करतो. या कच्च्या मालापासून तलवारी, चिलखते, औषधे, गलबते तयार होतात आणि ती इतर खेळाडूंना विकली जातात. १९९९ साली सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात आरंभी बाजाराची वेगळी सोय नव्हती. खेळाडू एका बोगद्यात जमून ओरडून आपला माल विकू लागले आणि कोणीही न वसवलेला आठवडेबाजार तेथे उभा राहिला. पुढच्या खेळांनी बाजारासाठी रीतसर जागा दिली. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये लिलावघरे आली, ब्रिटनमध्ये निर्माण झालेल्या ‘रुनस्केप’ने २००७ मध्ये सर्व खेळाडूंची मागणी आणि पुरवठा एकत्र जुळवणारी पेढी उघडली. आइसलँडमधून २००३ साली निघालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळात तर जहाजांपासून दारूगोळ्यापर्यंत बहुतेक माल खेळाडूच तयार करतात. तेथील उलाढाल इतकी वाढली की, तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी खेळाच्या कंपनीने २००७ मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली.

या जगाचा पहिला गाजलेला हिशेब अमेरिकेतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ मध्ये मांडला. ‘एव्हरक्वेस्ट’मधील नाणी व वस्तू खेळाबाहेर खऱ्या डॉलरना विकल्या जात होत्या. त्या विक्रीच्या भावांवरून त्यांनी काढले की, खेळातील एक नाणे सुमारे एका सेंटचे होते, म्हणजे त्या काळच्या जपानी येनपेक्षा आणि इटालियन लिरापेक्षा भारी. आणि सर्वसाधारण खेळाडू एका तासाच्या खेळातून ३.४२ डॉलर किमतीची संपत्ती निर्माण करीत होता. ज्या तासाला घरचे लोक ‘वाया गेलेला’ म्हणत होते, त्याला बाजाराने भाव लावला होता.

आता चूक कोठे होते ते पाहण्यासाठी एक साधे काल्पनिक उदाहरण पुरेसे आहे. समजा, एक खेळाडू तासभर खाणीत खणून लोखंडाचे २० खडे मिळवतो. बाजारात एका खड्याला १० नाणी मिळतात. त्या २० खड्यांपासून, आणखी पाव तास खर्चून, तो एक तलवार घडवतो आणि ती १५० नाण्यांना विकून मोकळा होतो. त्याचा युक्तिवाद असा : ‘लोखंड विकत घेतले नाही, स्वतः खणले, म्हणजे ते फुकटच पडले, तेव्हा दीडशेच्या दीडशे नाणी नफा.’ प्रत्यक्षात खडे तसेच विकले असते तर त्याच्या पदरात २०० नाणी पडली असती. त्याने पाव तास जास्त राबून ५० नाणी गमावली. तासाला २०० नाणी हा त्याच्या खणण्याचा दर धरला, तर तो पाव तासही आणखी ५० नाण्यांचा होता. म्हणजे तलवार २५० नाण्यांच्या खाली विकणे तोट्याचे होते. पलीकडे एखादा चाणाक्ष व्यापारी बसलेला असतो. तो तलवार १५० ला उचलतो आणि २४० ला विकतो. ‘आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय’ ही म्हण रचणाऱ्याने असा बाजार नक्कीच पाहिला असणार.

‘ईव्ह ऑनलाइन’मधील अनुभवी खेळाडू नवख्याला जे पहिले धडे देतात, त्यांत स्वतः खणलेले खनिज फुकट नसते, हा एक असतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला संधी-खर्च म्हणतात. एक गोष्ट करताना दुसरी जी सर्वांत चांगली गोष्ट सोडावी लागते, तिचे मोल म्हणजे पहिल्या गोष्टीचा खरा खर्च. बारावीच्या विद्यार्थ्याला ही व्याख्या पाठ असते. पण संध्याकाळी खेळायला बसल्यावर तोच विद्यार्थी तलवार दीडशेला विकतो. व्याख्या डोक्यात असते आणि सवय हातात.

ही सवय त्या मुलाने खेळातच मिळवली, असे म्हणता येत नाही. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आठवावेत. मराठी वस्ती जेथे जेथे आहे तेथे तेथे काही गृहिणी फराळाच्या मागण्या घेतात. चकली, अनारसे, चिरोटे, करंज्या यांचा भाव ठरवायला बसल्यावर भाजणीचे धान्य धरले जाते, तूप-तेल धरले जाते, साखर धरली जाते, हिशेबी बाई असेल तर गॅसही धरते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून जो वेळ गेला तो मात्र कागदावर येत नाही. ‘त्यात काय, घरी तर असतेच मी,’ असे उत्तर मिळते. खेळाडूच्या ‘स्वतः खणले, म्हणजे फुकट’ या वाक्याचा हा घरगुती पाठ आहे. मग शेजारच्या दुकानापेक्षा चकली स्वस्त पडते, मागणी वाढते, रात्रीची जागरणे वाढतात, आणि दिवाळी संपल्यावर हाती काय राहिले याचा पत्ता लागत नाही.

मात्र केवळ तासांच्या हिशेबाने वस्तूंच्या किमती ठरतात असे मानणे हेही अपुरे आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात शिकाऱ्यांच्या समाजाचे उदाहरण दिले होते. मौल्यवान कातड्याचा बीव्हर हा पाणथळीतला प्राणी मारण्यास हरणापेक्षा दुप्पट श्रम पडत असतील, तर एका बीव्हरच्या बदल्यात दोन हरणे मिळावीत, हा त्याचा सिद्धान्त होता. खेळातील जग हे अक्षरशः शिकाऱ्यांचेच जग असल्याने हा सिद्धान्त तेथे तंतोतंत लागू पडावा अशी अपेक्षा वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि का होत नाही हे पाहणे फार बोधप्रद आहे.

पहिले कारण शिकण्याचे. ‘रुनस्केप’मध्ये कित्येक तयार वस्तू त्यांच्या कच्च्या मालापेक्षा स्वस्त विकल्या जातात. प्रथमदर्शनी हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण त्या खेळात वस्तू घडवल्याने खेळाडूचे त्या विद्येतील कौशल्य वाढते, वरच्या पायऱ्या खुल्या होतात, आणि शेकडो खेळाडू त्या कौशल्यासाठीच वस्तू घडवत असतात. तयार माल हे त्यांच्या अभ्यासाचे उरलेले टाकण असते. मिळेल त्या भावाला ते काढून टाकतात. सुताराकडे, सोनाराकडे किंवा वकिलाच्या कचेरीत पूर्वी ज्याला उमेदवारी म्हणत, तिचीच ही आवृत्ती होय. उमेदवार कमी मोबदल्यावर राबतो आणि उरलेला मोबदला विद्येच्या रूपाने घेतो. यात फसवणूक नाही. अट एवढीच की, सोसलेला तोटा हे शिक्षणाचे शुल्क आहे आणि ते किती आहे, हे उमेदवाराला ठाऊक असावे आणि उमेदवारी केव्हातरी संपावी.

दुसरे कारण आनंदाचे. नदीकाठी बसून मासे धरण्याचे काम खेळात सौम्य आणि निवांत असते. मित्रांशी गप्पा मारत ते करता येते. ड्रॅगनच्या गुहेत तासाला जास्त नाणी मिळतात, पण जीव मुठीत धरावा लागतो. कित्येक जण कमी कमाईचे मासेच पत्करतात. त्यांचा निवांतपणा हाही त्यांच्या मजुरीचाच भाग असतो आणि त्यामुळे मासळीचा भाव उतरतो. ज्याला मासेमारी मनापासून आवडते त्याने स्वस्त विकले तर त्याचे काही बिघडत नाही. मात्र त्याच भावात ज्याला पोटासाठी मासे विकायचे आहेत, त्याचे पुष्कळ बिघडते. एकाच बाजारात हौसेने बसलेला आणि गरजेने बसलेला असे दोघे शेजारी बसले की, भाव ठरवतो तो हौशी. त्याचा भार सोसतो तो गरजू. फराळाच्या बाजारातही याहून वेगळे घडत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. सर्वांचा तास सारखा नसतो. नोकरी करून रात्री दहाला खेळायला बसणाऱ्या माणसाजवळ पैसा असतो, वेळ नसतो; सुट्टीतील विद्यार्थ्याजवळ वेळ असतो, पैसा नसतो. खेळांच्या कंपन्यांनी हे ओळखून दोघांची गाठ घालून दिली. ‘ईव्ह ऑनलाइन’ने २००८ मध्ये, ‘रुनस्केप’ने २०१३ मध्ये आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१५ मध्ये अशी व्यवस्था केली की, पैसेवाल्याने खऱ्या पैशाने खेळाच्या वर्गणीचे जणू एक कूपन घ्यावे आणि ते खेळातल्या बाजारात नाण्यांना विकावे, वेळवाल्याने आपली नाणी देऊन ते घ्यावे आणि त्यावर वर्गणी न भरता खेळावे. त्या कूपनाचा रोजचा भाव म्हणजे एकाच्या फावल्या वेळेची आणि दुसऱ्याच्या पगाराची तडजोड होय. ज्याला आपल्या तासाचे मोल काढायचे आहे, त्याला हा भाव मोजपट्टीसारखा वापरता येतो. महिन्याची वर्गणी मिळवण्यासाठी किती तास खणावे लागते हे पाहिले की, तासाची किंमत कळते. पुष्कळदा ती इतकी अल्प निघते की, वर्गणी सरळ खिशातून भरलेली बरी असे नोकरदाराला वाटते, आणि ते योग्यच असते.

पण ज्याच्या खिशात भरण्यासारखे काही नाही त्याचे काय? येथे खेळ संपतो आणि मजुरी सुरू होते. चीनमधील नानजिंग शहरात तरुण मजूर बारा-बारा तासांच्या पाळ्यांत बसून परक्यांसाठी खेळातील नाणी गोळा करीत असल्याचे वर्णन अमेरिकन पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी दिलेला हिशेब असा : शंभर नाणी मिळवणाऱ्या मजुराला सुमारे सव्वा डॉलर मिळे, म्हणजे तासाला ३० सेंट, त्याचा मालक तीच नाणी ३ डॉलर किंवा त्याहून थोड्या अधिक भावाने विके, आणि अखेरच्या गिऱ्हाइकाकडून २० डॉलरपर्यंत घेतले जात. पुढे व्हेनेझुएलातील चलन कोसळल्यावर तेथील कित्येक तरुण ‘रुनस्केप’मधील ड्रॅगन मारून पोट भरू लागले. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळाची लाट आली. खेळण्यासाठी लागणारे प्राणी विकत घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन, जमीन बटाईने कसावी तसे, वाट्याने खेळत. खेळातील आभासी चलनाचा भाव लवकरच उतरला, आणि मार्च २०२२ मध्ये त्या व्यवस्थेतून ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीची चोरी झाली. राबणाऱ्यांचे तास कोणत्याही खातेवहीत नोंदलेले नव्हते; त्यामुळे त्यांचे किती बुडाले हे मोजण्याचे साधनही उरले नाही.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. माणसाच्या तासाची किंमत त्याच्या कौशल्यावर जितकी अवलंबून असते, तितकीच त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग मोकळा आहे यावरही अवलंबून असते. मार्ग एकच असेल तर संधी-खर्च शून्याकडे झुकतो. मग समोरचा माणूस सहज म्हणतो, ‘नाहीतरी तू रिकामाच आहेस.’

जबलपूरकरांना हे वाक्य परदेशातून आणावे लागत नाही. या शहराची ओळख जशी संगमरवरी खडकांची आणि नर्मदेची, तशीच ती विडीची. महाकोशलच्या जंगलांत उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडली जातात. पन्नास पानांची एक गड्डी, अशा हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, म्हणजे ५०,००० पाने; तोडणाऱ्याला मोबदला मिळतो तो या मापाने. १९६४ च्या कायद्याने मध्य प्रदेशात या पानांचा व्यापार शासनाने आपल्या हाती घेतला. पाने विडीच्या कारखानदारांकडे जातात, तेथून सट्टेदाराकडे आणि सट्टेदाराकडून घराघरांतील स्त्रियांकडे. मजुरी ठरते ती हजार विड्यांवर.

हजार विड्या वळण्याचा वेळ एवढाच त्या कामाचा वेळ आहे का? पाने आदल्या दिवशी भिजवावी लागतात, मापाने कापावी लागतात. मग तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपणे, धागा बांधणे, कट्टे करणे. नंतर माल घेऊन सट्टेदाराकडे जाणे, रांगेत थांबणे, आणि नापसंत ठरलेल्या विड्यांची छाट सोसणे. छाटलेल्या विड्यांवर गेलेला वेळ कोणाच्या खाती पडतो, यावरून या धंद्यात वर्षानुवर्षे तंटे होत आले. कच्चा माल किती दिला, विड्या किती छाटल्या आणि छाटलेल्यांची मजुरी द्यायची की नाही, या तंट्यांची दखल १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याला घ्यावी लागली. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीला कायद्याने कामगार मानले, ही त्या कायद्याची मोठी देणगी. तरीही हजाराच्या दरात भिजवण्याचा, कापण्याचा, चालण्याचा आणि थांबण्याचा वेळ मुरून जातो. ती स्त्रीही विचारल्यावर म्हणते, ‘घरी बसल्या बसल्या होतं.’

याच शहरात वेळेचा दुसरा हिशेबही रोज होत आला आहे. १९०४ साली स्थापन झालेला गन कॅरेज कारखाना, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, वाहन कारखाना येथील भोंग्यांवर शहराची घड्याळे लागत. मराठी वस्तीतील किती तरी घरे या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काम घेतले तर नेहमीच्या दुप्पट दराने मजुरी द्यावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरवले होते. म्हणजे एकाच छपराखाली पतीच्या जादा तासाला दुप्पट दर आणि पत्नीच्या जादा तासाला शून्य दर, असे दोन हिशेब सुखाने नांदत होते. पतीला आपल्या तासाची किंमत ठाऊक होती, कारण ती वेतनपत्रिकेवर छापून येत होती. पत्नीच्या तासाची पत्रिका कोणी छापली नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. भारत सरकारने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत लोकांच्या वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी केली. त्या सहांत मध्य प्रदेश होते. २०१९ मध्ये अशी पाहणी देशभर झाली. सहा वर्षांवरील ज्या स्त्रिया घरातील बिनमोल कामे करतात, त्यांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की, घर हा एक लहानसा कारखाना आहे. बाजारातून आणलेला माल आणि घरातल्यांचा वेळ एकत्र आल्याशिवाय ताटात जेवण येत नाही. पिठाची किंमत पावतीवर असते. लाटण्यामागचा वेळ पावतीवर नसतो.

लाटण्याचा वेळ पावतीवर आणता येतो, हे मात्र एका संस्थेने सिद्ध केले आहे. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग सुरू केला. तोच पुढे लिज्जत पापड म्हणून देशभर पसरला. तेथे पीठ संस्थेचे, पापड लाटले जातात ते घरी. पण लाटण्याची मजुरी वेगळी धरलेली असते, तिला ‘वणाई’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि राबणारी प्रत्येक स्त्री संस्थेची भागीदार असते. काम घरीच, फावल्या वेळीच, विडीसारखेच. फरक एवढाच की, हिशेबाच्या कागदावर वेळेसाठी एक रकाना आखला गेला आणि त्या रकान्याला नाव मिळाले. नाव मिळालेल्या गोष्टीवर वाटाघाट करता येते. बिननावाच्या गोष्टीवर करता येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, येथपर्यंतचे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, प्रत्येक तासाला दर लावून जगणे हेच शहाणपण होय. त्याचाही प्रयोग खेळांच्या जगात होऊन गेला आहे. बहुतेक खेळांत नाणी आणि वस्तू खऱ्या पैशाला विकण्यास कंपन्यांचीच मनाई असते. ‘डायब्लो ३’ या खेळाने मात्र २०१२ मध्ये खेळातील वस्तू खऱ्या पैशाने विकण्याचे लिलावघर स्वतःच उघडले. राक्षस मारून अवचित एखादे अद्भुत शस्त्र सापडावे, हा त्या खेळाचा प्राण होता. लिलावघर आल्यावर सापडलेल्या शस्त्राकडे ‘याचे किती येतील’ या नजरेने पाहिले जाऊ लागले, आणि शस्त्र शोधण्यापेक्षा विकत घेणे सोपे झाले. खेळाचा गाभाच पोखरला जात आहे, हे मान्य करून मार्च २०१४ मध्ये कंपनीने ते बंद केले. भारतातही २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि स्पर्धात्मक ई-क्रीडेला त्यांपासून वेगळे मानले. जेथे प्रत्येक क्षण पैशात बदलतो, तेथे खेळ खेळ राहत नाही, याची ही दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली कबुली आहे.

मग वेळेची किंमत काढायची कशासाठी? उत्तर त्याच खेळांतून मिळते. मोठ्या खेळांत खेळाडूंची मंडळे असतात. त्यांतील जुने खेळाडू नवख्यांना तलवारी, चिलखते, औषधे अशीच देऊन टाकतात. त्यांच्याबरोबर संध्याकाळ घालवून त्यांना वाटा दाखवतात. एखादे चिलखत घडवण्यास आपले सहा तास गेले आहेत, हे देणाऱ्याला नेमके ठाऊक असते. तो ते जाणूनबुजून देतो, घेणाऱ्यालाही त्याची जाणीव असते, आणि पुढे तोही कोणाला तरी देतो. दुसरीकडे, दीडशेला तलवार विकणारा नवखाही आपला वेळ देऊनच टाकत असतो. पण त्याला ते ठाऊक नसते. घेणाऱ्या व्यापाऱ्याला ठाऊक असते आणि तो बोलत नाही. बाहेरून पाहता दोन्हीकडे वेळ बिनमोबदला गेला. पहिल्याला दान म्हणतात. दुसऱ्याला मराठीत ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणतात, आणि सक्तीने घडले तर ‘वेठ’. दान देण्यासाठी आधी वस्तू आपली असावी लागते, आणि ती किती मोलाची आहे हे माहीत असावे लागते.

महाराष्ट्राबाहेर मातृभाषेची शाळा साठ वर्षे चालते, तेव्हा तिच्या जमाखर्चात न दिसणारी सर्वांत मोठी रक्कम याच जातीची असते. कारखान्याची पाळी संपवून, रेल्वेची किंवा तारखात्याची नोकरी सांभाळून, वर्गणीची पावतीपुस्तके हाती घेऊन घरोघर फिरणारे कार्यकर्ते. तुटपुंज्या वेतनावर राहून शाळा सुटल्यावरही मुलांना शिकवणारे शिक्षक. स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री पोशाख शिवत बसलेल्या आया. या सर्वांच्या तासांना दर होता. जादा पाळीचा दुप्पट दर सोडून संध्याकाळ शाळेला देणारा कारखान्यातील कामगार नेमके काय देत आहे, हे त्याच्या वेतनपत्रिकेत लिहिलेले होते. पोशाख शिवणाऱ्या आईने जे दिले ते मात्र कोठेच लिहिलेले नव्हते, आणि म्हणून त्याचा उल्लेख अहवालांतून बहुधा ‘माता-भगिनींचे सहकार्य’ या दोन शब्दांत आटोपला जातो. महोत्सवाच्या वर्षी शाळेने हा राहिलेला रकाना भरून काढला, तर ते या ग्रंथाला साजेसे होईल.

आजच्या विद्यार्थ्यांनी यातून एक छोटी सवय उचलावी. आठवडाभर एक वही ठेवावी. खेळात वस्तू विकताना तिच्यामागे गेलेले तास वहीत लिहावे आणि तेच तास दुसऱ्या कामात घालवले असते तर काय मिळाले असते, तेही लिहावे. मग तीच वही घेऊन स्वयंपाकघरात जावे, आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसावे आणि त्यांच्या दिवसातील तास त्यांना विचारून टिपून घ्यावे. ‘त्यात काय लिहायचंय’ असे उत्तर प्रथम येईल. तरीही लिहावे. धुवांधारच्या वाटेवर मऊ दगडातून कोरलेला हत्ती विकत घेताना ‘दगड तर इथलाच’ म्हणून भाव पाडण्याआधी, तो कोरायला किती वेळ लागला, हे कारागिराला विचारावे. वेळ वाया घालवू नकोस, हे वडीलधाऱ्यांचे वाक्य अशा रीतीने मोजून पाहिले, तर ते मुलांपुरते राहणार नाही. घरातील प्रत्येकाच्या वेळेला ते लागू होईल.